बाबांना लिहून दिलेल्या अठरा सूचना

मी लोणार सोडलं त्या सकाळी गाडीवर बाबाच होते. लोणारहून जालन्याला जाणारी एसटी, आणि तिच्यावर माझे वडील कंडक्टर. त्यांनी ती ड्युटी मागून घेतली होती की योगायोगानं लागली होती, हे मी कधी विचारलं नाही. आई स्टँडवर उभी होती. डब्यात धपाटे बांधून दिले होते आणि पदर तोंडाला लावून ती मागच्या बाजूला, जिथं मला नीट दिसणार नाही अशा ठिकाणी सरकली होती. बाबांनी माझ्या दोन्ही बॅगा सीटखाली ढकलल्या, मला खिडकीची जागा दिली आणि घंटी मारली.

जालन्यापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. लोक चढत होते, उतरत होते, बाबा तिकिटं फाडत होते. जालन्याला गाडी रिकामी झाल्यावर त्यांनी माझी मोठी बॅग उचलली आणि रेल्वे स्टेशनपर्यंत सोबत आले. प्लॅटफॉर्मवर त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. गाडी पुरी थांबल्याशिवाय उतरायचं नाही. सगळे कागद एका जागी ठेवायचे नाहीत. आणि तिसरी त्यांच्याच शब्दांत सांगते: "कोणी मदत केली तं त्याचं नाव इचारून ठेवजो. मंग थो अनोळखी राह्यत नाही."

मी मान हलवली. मनातून मला थोडं हसूच आलं होतं. मी युरोपात संशोधन करायला निघाले होते आणि बाबा मला जालना-लोणार गाडीचे नियम सांगत होते.

त्याला तेरा वर्षं झाली. आता मी नेदरलँड्समधल्या लायडन या गावात राहते, औषधांच्या एका प्रयोगशाळेत काम करते. बुलढाणा जिल्ह्यातून कोणी शिकायला किंवा नोकरीला इकडे यायचं ठरलं की माझा नंबर त्याला कुठून तरी मिळतो. मग निरोप येतो, "ताई, तिकडं आल्यावर काय काय ध्यानात ठेवायचं?" माझ्याकडे उत्तर तयार असतं. अठरा सूचनांची एक यादी फोनमध्ये साठवलेली आहे, ती मी पाठवून देते. हे वाचणाऱ्यांपैकी काहींना ती मिळालेली असेल. फार उपयोगी पडली, असं तुम्ही कळवताही.

ती यादी मुळात तुमच्यासाठी लिहिलेली नाही. ती मी बाबांसाठी लिहिली होती. त्या यादीपायी काय झालं, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. जे गावी राहिले त्यांना आणि माझ्यासारखे जे निघून आले त्यांनाही ते सांगावं असं आता वाटतं.

त्याआधी थोडं पुण्याबद्दल. बुलढाण्याला फार्मसी केल्यावर मी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला गेले. हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात मी मेसमध्ये म्हणाले, "मले थोडी भाजी दे." टेबलवरच्या मुली हसल्या. वाईट मुली नव्हत्या त्या, पुढे मैत्रिणी झाल्या. पण पुढचे कित्येक दिवस कोणीही कोणाकडे काही मागितलं की "मले दे वं" असं म्हणायची टूम निघाली. मी महिन्याभरात 'मले' सोडलं, 'काऊन' सोडलं, 'जाऊन राह्यली' सोडलं. फोनवर 'जय भीम' म्हणायच्या ऐवजी 'हॅलो' म्हणायला लागले, आणि बाबांचा फोन आला की बोलत बोलत खोलीबाहेर जाऊ लागले. कोणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. मीच आपणहून केलं, आणि इतक्या सफाईनं केलं की पुढे ते केल्याचंही विसरले.

लायडनला मी रमले. तेही कबूल करायला हवं. इथं मला कोणी आडनाव ऐकून दुसरा प्रश्न विचारला नाही. सायकल शिकले, थंड पाव आणि चीज दुपारचं जेवण म्हणून खायला शिकले, कोणाच्या घरी जायचं तर दोन-तीन आठवडे आधी वेळ ठरवायला शिकले. त्याला इथं 'आफस्प्राक' म्हणतात. मैत्रिणीकडे चहालासुद्धा आफस्प्राक लागते. सुरुवातीला ते परकं वाटलं, पुढे सोयीचं वाटायला लागलं. दर दोन वर्षांनी लोणारला जायचे. आई विचारायची, तिथं आपल्यासारखं कोणी आहे का? मी म्हणायचे, सगळेच चांगले आहेत. तिला ते उत्तर पुरेसं वाटत नसावं, कारण दर वेळी ती पुन्हा विचारायची.

आई गेली तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. दादाचा, म्हणजे माझ्या भावाचा, फोन आला. छातीत दुखतं म्हणाली आणि मेहकरला नेईपर्यंत संपलं होतं. मी मिळेल त्या विमानानं निघाले, पण पोचले तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. जलदान विधीला मी होते. बाबा पाहुण्यांच्या पाण्याचं, सतरंज्यांचं बघत होते. सगळ्यांना बसायला जागा मिळाली का, हे पुन्हा पुन्हा पाहत होते. मला त्यांनी आईबद्दल एक शब्दही विचारला नाही किंवा सांगितला नाही. मीही विचारलं नाही. दहा दिवसांनी मी परत आले.

त्या उन्हाळ्यात मी बाबांना लायडनला बोलावलं, तीन महिन्यांसाठी. व्हिसा तेवढाच मिळतो. बाबांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ते येतो म्हणाले तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. दिवसभर मी कामावर असणार, ते एकटे असणार. म्हणून मी ती यादी लिहिली.

रस्त्यावरचा लालसर पट्टा सायकलींचा आहे, त्याच्यावर पाय ठेवायचा नाही. बसमध्ये चढताना कार्ड टेकवायचं आणि उतरतानाही आठवणीनं टेकवायचं. बऱ्याच दुकानांत रोख पैसे घेत नाहीत. नळाचं पाणी प्यायला चांगलं आहे. बाहेर स्वच्छतागृह सहजी सापडत नाही, म्हणून घरूनच जाऊन निघायचं, आणि आत पाणी नसतं, पिशवीत बाटली ठेवायची. वारा फार असतो, छत्री उलटते, रेनकोटच घालायचा. घरातला जिना शिडीसारखा उभा आहे, कठडा धरल्याशिवाय उतरायचं नाही. लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत, पण आत बघायचं नाही. अनोळखी माणसाला हात लावायचा नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. कोणाच्या दारात न सांगता जायचं नाही. अशा अठरा.

दादानं त्या सूचना झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणल्या. बाबांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला आणि विमानातून उतरले तेव्हा तो त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. पहिल्या दिवशी बसमध्ये चढताना त्यांनी तो काढून वाचला, मग कार्ड टेकवलं. गाडीत कंडक्टर नाही हे बघून ते बराच वेळ मागे वळून वळून पाहत राहिले. म्हातारं माणूस चढलं तर हात कोण देतं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, बस खाली वाकते, हात द्यावा लागत नाही. त्यांनी कागद खिशात ठेवला. मला वाटलं, त्यांना पटलं.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. शनिवार होता, मी त्यांना बाजार दाखवायला नेत होते. लायडनमध्ये कालव्यांवर जुने उचलते पूल आहेत. मोठी नाव आली की रस्ता मधोमध वर उचलला जातो आणि सगळी रहदारी थांबून राहते. आम्ही पोचलो आणि पूल उचलायला लागला. रस्ता असा उभा होताना बाबांनी कधी पाहिला नव्हता. ते नीट दिसावं म्हणून एक पाऊल मागे सरले, मग आणखी एक, आणि सायकलींच्या पट्ट्यावर गेले.

मागून एक बाई सायकलवरून येत होत्या. सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी ब्रेक दाबला, सायकल घसरली आणि त्या गुडघ्यावर पडल्या. टोपलीतली भाजी रस्त्यावर पसरली. मी काही करायच्या आत बाबा त्यांच्याजवळ खाली बसले होते. एक हात त्यांच्या काखेखाली, दुसरा पाठीला. तीस वर्षं गाडीतून घसरलेल्या, चक्कर आलेल्या माणसांना त्यांनी तसंच उचललं होतं.

मी ओरडले, "बाबा, हात लावू नका त्यांना." त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं आणि त्या बाईंना इंग्रजीत म्हणाले, माफ करा, हे माझे वडील, खेड्यातून आले आहेत, त्यांना इथलं काही कळत नाही.

आजूबाजूला पाच-सहा माणसं जमली होती. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्या बाई म्हणाल्या की घंटी मीही वाजवायला हवी होती. त्यांनी गुडघा झटकला, भाजी गोळा केली आणि पूल खाली आल्यावर सायकल हातात धरून लंगडत पलीकडे गेल्या. बाबा हात मागे बांधून उभे होते. ते दहावी शिकलेले. आगारातले फॉर्म, गाड्यांच्या पाट्या, तक्रार वही यांतून त्यांना इंग्रजी शब्द येत होते. मी काय बोलले त्यातलं त्यांना किती कळलं, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

घरी येताना मी त्यांना पट्ट्याची सूचना पुन्हा समजावून सांगितली, आणि हात न लावण्याचीही. इथं लोकांना आवडत नाही, पोलीससुद्धा येऊ शकतात, असं काहीबाही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हाव," एवढंच म्हणाले.

त्यानंतर शनिवार-रविवारी ते माझ्याबरोबर बाहेर पडेनात. तू जाय, मले बसू दे, म्हणायचे. ट्युलिप संपायच्या आत बागा दाखवायच्या होत्या, समुद्र दाखवायचा होता, अ‍ॅमस्टरडॅमची तिकिटंही काढली होती. ते एकदा समुद्रावर आले, तेही माझ्या आग्रहासाठी. संध्याकाळी मी कामावरून यायचे तेव्हा ते खिडकीजवळ खुर्चीत बसलेले असायचे. दिवसभर काय केलं विचारलं की म्हणायचे, बसलो होतो. दुपारी फोन केला तर कधी उचलायचे, कधी नाही. रात्रीचं जेवण कमी झालं होतं. मला वाटलं, ते रुसले आहेत, नाही तर घाबरले आहेत. मला त्यांची कीव आली आणि थोडा रागही आला. इतकं सगळं करून त्यांना बोलावलं आणि ते लोणारच्या ओट्यावर बसावं तसे खिडकीत बसून राहिले. एकदा तर मी त्यांना म्हणालेही की असंच बसायचं होतं तर इतक्या लांब कशाला आलात?  ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी ते सगळ्यात आधी घेतलं असतं.

तीन महिने संपले. विमानतळावर आत जाण्याआधी ते म्हणाले, "गाव चांगलं हाय तुह्यं. मानसं चांगली हायेत." मला ते माझं मन राखायला म्हणतात असं वाटलं. ते गेल्यावर घरी येऊन मी खुर्ची खिडकीपासून हलवून परत टेबलाशी ठेवली आणि, लिहायला लाज वाटते, मला हायसं वाटलं.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी मी बाजारात मासे घेण्यासाठी रांगेत उभी होते. शेजारी कोणीतरी थांबलं आणि म्हणालं, "जय भीम."

मी दचकून वळले. पांढऱ्या केसांच्या, उंच, डच बाई. उच्चार घशातून आलेला, पण शब्द स्वच्छ. मी त्यांना ओळखलं नाही. त्या मात्र मला ओळखत होत्या. पुलापाशी पडले होते ती मी, असं त्या म्हणाल्या. नाव रिआ. मग विचारलं, वडील नीट पोचले का, गुडघे कसे आहेत त्यांचे, थंडी पडली का तिकडे?

अकरा वर्षांत लायडनच्या रस्त्यावर ते दोन शब्द मी उच्चारले नव्हते. पुण्यातही नव्हते. उत्तरादाखल माझ्या तोंडून 'हॅलो' निघालं.

रिआबाई मला त्यांच्या घरी घेऊन गेल्या. पुलापलीकडे सहावं दार. आफस्प्राक वगैरे काही नाही, चला म्हणाल्या. कॉफी ठेवता ठेवता त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्या पडल्या त्याच्या पुढच्या सोमवारी त्या पुलावरून जाताना त्यांना बाबा कठड्यापाशी उभे दिसले. मंगळवारीही दिसले. बुधवारी बाबांनी हात वर करून सायकल थांबवली, अगदी एसटी थांबवतात तशी. हात जोडले. गुडघ्याकडे बोट केलं. "सॉरी, मॅडम," म्हणाले. मग छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं आणि त्यांचं विचारलं. रिआबाईंना वाटलं, हा माणूस तीन दिवस इथं उभा आहे तर त्याला निदान कॉफी तरी द्यावी. त्या दिवसापासून बाबा सोमवार ते शुक्रवार रोज साडेदहाला त्यांच्याकडे जायचे. दुपारचं जेवणही कधी कधी तिथंच व्हायचं. माझी यायची वेळ व्हायच्या आत घरी येऊन खिडकीजवळ बसायचे.

भाषेचं काय केलंत, मी विचारलं. त्यांनी एक वही आणून दाखवली. बाबांचं अक्षर होतं. कंडक्टरच्या तक्त्यासारखे उभे रकाने आखलेले. एका रकान्यात डच शब्द देवनागरीत, दुसऱ्यात मराठी. खूदेमोर्खन, जय भीम. लेकर, गोड लागते. रेखन, पाऊस. मन, नवरा. व्राउ, बायको. शंभरावर शब्द होते. मला इथली भाषेची परीक्षा द्यायला पाच वर्षं लागली होती, आणि बाजारात अजूनही मी इंग्रजीच बोलायचे.

रिआबाईंचे यजमान त्याच वर्षी गेले होते, आई गेली त्याच्या आसपास. मागच्या छोट्या बागेत त्यांनी मला दोन कुंड्या दाखवल्या. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यातून नेलेले मेथीदाणे बाबांनी त्यांत पेरले होते. मेथी कधीच उभी राहून वाळली होती, पण त्यांनी ती काढली नव्हती. त्या म्हणाल्या, तुमच्या आईबद्दल मला खूप माहीत आहे. शेवटच्या दिवशी सकाळी तिनं भाकरी थापली होती आणि ती तशीच तव्यावर राहिली, हे त्यांनी मला हातांनी करून दाखवलं. इथंच, या खुर्चीत बसून ते रडले. मीही रडले, असं त्या म्हणाल्या.

भाकरीचं मला माहीत नव्हतं.

ते माझ्याकडे आले होते तेव्हा आईला जाऊन पाच महिने झाले होते. मी त्यांना समुद्र दाखवला, कार्ड कसं टेकवायचं ते दाखवलं. संध्याकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो आणि मी त्यांना उद्या पाऊस आहे की नाही ते सांगायचे.

डिसेंबरमध्ये मी लोणारला गेले. बाबा ओट्यावर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी शेजारी बसले, शेंगा सोलायला घेतल्या आणि रिआबाई भेटल्याचं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. पाय बरा हाय का थिचा, असं त्यांनी विचारलं. मी बरा आहे म्हणाले. मग विचारलं, रोज जात होतात तर मला का नाही सांगितलं?

त्यांनी चार-पाच शेंगा सोलल्या.

"सांगतलं असतं तं तू गेली असती थिच्या घरी," ते म्हणाले. "माह्याकडून माफी मागायले."

 मग मी विचारलं की त्या दिवशी मी काय म्हणाले ते त्यांना समजलं होतं का?

"खेड्यातला म्हणली, त्याचं काय वाईट वाटते? हावच मी खेड्यातला. काही कळत नाही म्हणली, थे बी ठीक. पण मानूस माह्यामुळं पडलं होतं वं. थिले उचलाचं, थिले इचाराचं, थे काम माहं होतं. तू थे मले करू नाही देलं."

मी म्हणाले, चुकलं माझं. मराठीत म्हणाले, पण माझ्या मराठीत. त्यांच्या बोलीत ते म्हणावं असं फार वाटलं, जिभेवर आलंच नाही.

"हाव," बाबा म्हणाले आणि दाणे सुपात टाकले.

ते 'हाव' माफ केल्याचं होतं की नुसतं ऐकल्याचं, हे मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर ते माझ्याशी नेहमीसारखेच बोलले. निघताना दादाच्या मोटारीतून जालन्यापर्यंत आलेही. पण पुन्हा लायडनला चला म्हटलं की ते जिन्याचं कारण सांगतात, गुडघे साथ देत नाहीत म्हणतात. म्हणून मागच्या वर्षी मी जुनं घर सोडून तळमजल्यावर घर घेतलं, एकही पायरी नसलेलं. ते मी त्यांना फोनवर फिरून दाखवलं. चांगलं हाय, म्हणाले. आता ते विमानाचं कारण सांगतात. त्यांच्यासाठी ठेवलेल्या खोलीत तुमच्यापैकी नवे आलेले लोक पहिले आठ-पंधरा दिवस राहतात. तुम्ही 'मले', 'तुले' बोलता, फोनवर घरच्यांशी मोठ्यानं भांडता, आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत राहते. कोणी मला घर कुठं असं विचारलं तर मी अजून लोणार सांगते. पूर्वी ते सांगताना खरं बोलतेय असं वाटायचं. आता जुना पत्ता सांगतेय असं वाटतं.

या सप्टेंबरमध्ये रिआबाईंनी मला जेवायला बोलावलं आणि वही उघडून बसल्या. त्यांना येत्या जानेवारीत लोणारला जायचं आहे. बाबांना भेटायचं आहे आणि सरोवर बघायचं आहे. दर बुधवारी त्या दोघांचं फोनवर बोलणं होतं, त्यातच ते ठरलं होतं. मी बरोबर जाणार हे त्या धरूनच चालल्या होत्या. तरी त्यांना आधी सगळं नीट लिहून हवं होतं. जालन्याहून बस किती वाजता आणि कुठून? पाणी कोणतं प्यायचं? दुकानात रोख द्यायचे की कार्ड? घरात शिरताना काय म्हणायचं, हातात काय न्यायचं? सरोवराच्या पायऱ्या त्यांना झेपतील का?

मी सांगायला सुरुवात केली. बस सकाळी आठला, म्हणाले, आणि थांबले. आठची गाडी बाबा ड्युटीवर असतानाची होती. ती आता आहे की नाही मला माहीत नव्हतं. पाणी कोणत्या दिवशी येतं, माहीत नव्हतं. दर वेळी दादा मोटार घेऊन येतो, मी मागच्या सीटवर झोपते आणि घराच्या दारात उतरते. सरोवरात मी शेवटची कधी उतरले ते आठवेना. रिआबाई पेन हातात धरून वाट पाहत होत्या. अर्धं पान झालं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही.

मग मी बाबांना फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवला, पेन रिआबाईंच्या हातून माझ्या हातात घेतलं. बाबा सावकाश सांगत गेले, प्रवाशाला थांब्यांची नावं सांगावीत तसे. सकाळची गाडी आता दुसऱ्या वेळेला सुटते आणि स्टँडच्या पलीकडच्या बाजूला लागते. उजवीकडं बसा, डावीकडं ऊन लागते. सुटे पैसे नसले तरी चालते, चहावाल्याकडं बी आता फोननं देता येते. सरोवरात ऊन तापायच्या आत उतरा, चपला घालून उतरू नका, जोडे घाला. वर याले येळ लागते, घाई करू नका. पाहुणचार जास्त होईन, थोडं थोडं खा. मी लिहीत होते आणि जमेल तसं रिआबाईंना डचमध्ये सांगत होते. पान भरलं. मी बाबांना म्हणाले, झालं, सगळं लिहून घेतलं.



"थिच्या नावाचा कागद हाय ना थो? खाली तुह्यं बी नाव टाक," म्हणाले. "तुले बी लागतीनच."

त्यात टोमणा नव्हता. गाडीत नवीन माणूस चढलं की ते ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात ते बोलले. रिआबाईंनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हणाले, एक नाव राहिलं होतं. आणि पानाच्या खाली माझं नाव लिहिलं.